तिमीशचा डावा पाय

मेलानिया बाई बोलायला लागल्या की तळघराच्या भिंतीवरचा चुना पडायचा. तळघर डेअरीचं. वर आता डेअरी नव्हती, छप्परही नव्हतं. खाली चार खाटा, दोन दिवे आणि आघाडीवरून आणलेली माणसं. बाई खरं तर भूल देणाऱ्या डॉक्टर, पण इथे कोण कशाचा डॉक्टर हे विचारायला सवड कुणाला होती! समोर येईल त्याला जगवायचं आणि मागच्या इस्पितळाकडे रवाना करायचं.

सैनिकांना शिकवायचं कामही बाईंच्याच गळ्यात. पाय फुटला, रक्त उडायला लागलं की जखमेच्या वर पट्टा करकचून आवळायचा. "आणि एकदा आवळला की त्याला हात लावाल तर याद राखा," बाई ओरडायच्या. "डॉक्टरशिवाय कुणीही तो ढिला करायचा नाही!"

दर वेळी मागच्या बाकावरून पानास काका घसा खाकरायचे. काका अँब्युलन्सवर स्ट्रेचर उचलायचे. साठीला टेकलेले, पण तिशीतल्या पोरांनी मान खाली घालावी असे दांडगे. तरुणपणी जुन्या सोव्हिएत फौजेत होते आणि तिथलं सगळं अजून मुखोद्गत.

"डॉक्टरीणबाई, आम्हाला शिकवलंय तासातासाने ढिला करायचा. पायाला जरा श्वास घेऊ द्यायचा, परत आवळायचा."

"हो, आणि दर श्वासाला वाटीभर रक्त सांडायचं. पाच श्वासांत माणूस खलास! काका, तुमची ती फौज गेली आणि तिचं शहाणपणही गेलं. पट्ट्याऐवजी बांधता ती रबराची नळी काढा बघू खिशातून."

काका नळी काढून द्यायचे. पुढच्या आठवड्यात खिशात दुसरी असायची. बाईंनी शेवटी हात टेकले. शिकवणी संपली की काका डब्यातून खारवलेल्या चरबीच्या पातळ चकत्या काढायचे आणि लसणाबरोबर पहिली चकती बाईंना द्यायचे, वर म्हणायचे, "खा, ओरडायला ताकद लागते."

पुढे दिवस पालटले. पूर्वी जखमी माणूस तासाभरात खाली यायचा. आता उजाडल्यापासून मावळेपर्यंत डोक्यावर ड्रोन, गाडी हलली की तिच्यावर झडप. सकाळी पडलेला माणूस अंधारून आल्यावर हाती लागायचा, पट्टा तसाच आवळलेला आणि पाय थंडगार, मेलेला. तळघराचे मुख्य सर्जन मेजर ल्युबोमीर चिडके खरे, पण डोक्याने पक्के. त्यांनी येणाऱ्या प्रत्येक पट्ट्याचा अभ्यास मांडला. कुठे बांधला, किती वेळ राहिला, जखम किती खोल, पाय वाचला की गेला. निघालं काय, तर कापलेल्या पायांतल्या कितीतरी जखमांना नुसती घट्ट दाबपट्टी पुरली असती. म्हणजे बाईंच्या शिस्तीनेच पाय जात होते. हे कळलं त्या दिवशी बाई कुणावरही ओरडल्या नाहीत.

मेजरनी नवी रीत लिहून वर पाठवली. पट्टा बांधून दोन तास झाले नसतील तर जखमेत गॉज ठासायचं, दाबून धरायचं, वर दाबपट्टी बांधायची आणि मग पट्टा हळूहळू सैल करायचा. रक्त आलं तर परत आवळायचा. मात्र वेळ टळून गेली की हात लावायचा नाही, मेलेल्या पायातलं विष हृदयात जाऊन माणूसच मरतो. वरून मंजुरी काही येईना.

अशात एके सकाळी तिमीशची गाडी उडाली.

तिमीश अँब्युलन्सचा ड्रायव्हर. बडबड्या पोरगा, नवीनच लग्न झालेला. त्याच्याबरोबर काका होते. मागे जखमी कुणी नव्हतं, हीच काय ती देवाची कृपा. गाडी पेटली. काकांनी तिमीशला ओढत रस्त्याकडेच्या पडक्या घराच्या तळघरात नेलं आणि वायरलेसवरून डेअरीच्या तळघराला हाक दिली. "पोराची डावी मांडी फाटलीये. पट्टा बांधलाय. आता रक्त थांबलंय."

"येतोय कोण आणायला?" मागून तिमीशचा आवाज आला.

बाईंनी जिन्याच्या तोंडातून वर पाहिलं. आभाळ निरभ्र. ढगाचा एक तुकडा नाही, म्हणजे ड्रोनना मोकळं रान. त्या सकाळी बाईंना निळ्या रंगाचा संताप आला. अंधार पडेपर्यंत कुणी जाणं शक्य नव्हतं, आणि तोवर पाय मेलेला असणार.

"पट्टा ढिला करायचा," बाई मेजरना म्हणाल्या. "तुमच्या रीतीने. आत्ता."

"मंजुरी आलेली नाही."

"पाय मंजुरीची वाट बघणार आहे का?"

"बाई, जरा ऐका." मेजर खुर्चीतून उठले. "पाय गेला तर तो लढाईत गेला. माणूस गेला तर तो तुमच्या सांगण्यावरून गेला. तिथे डॉक्टर नाही. एक म्हातारा आहे, आणि त्याची अक्कल तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतीच. आजवर ज्याला 'हात लावू नका' म्हणून झापलं, त्यालाच आता 'हात लावा' म्हणायचं! त्यात वायरलेसवर लांबण लावायची सोय नाही, शत्रू ऐकतो आणि तोफ फिरवतो. बाईंनी वायरलेस उचललाच.

"काका, गॉज आहे का?"

"आहे एक पुडकं. बाकी सगळं गाडीबरोबर जळालं."

"दाबपट्टी?"

"एक."

"पुरे. आता मी सांगते तसंच करायचं. तुमच्या फौजेचं काही नको."

"बोला, डॉक्टरीणबाई."

बाईंनी सांगितलं. बोटाने गॉज आत सरकवा, तळाशी हाडापर्यंत. ठासा. आता दोन्ही हातांनी दाबा, सगळं वजन टाका. पलीकडून तिमीश बोंबलत होता, आईचं नाव घेत होता, मध्येच काकांना शिव्या देत होता.

"ओरडतोय म्हणजे झकास आहे," बाई म्हणाल्या. "दोन्ही हात, काका!"

थोडं थांबून काका म्हणाले, "एक हात जरा झोपलाय. थांबा. उठवतो."

बाईंना वाटलं, म्हातारा थकला. "उठवा लवकर," त्या म्हणाल्या.

मग काकांचा श्वास तेवढा ऐकू येत राहिला, जड. दाबपट्टी बांधून झाली. पट्टा सैल झाला. बाईंनी वायरलेस बंद केला आणि मेजरकडे न बघता उभ्या राहिल्या. मेजर नखं खात होते. पुढच्या हाकेला काका म्हणाले, "रक्त नाही. पाय गुलाबी होतोय. पोरगं म्हणतंय आग आग होतेय."

"होऊ दे आग!" बाई ओरडल्या आणि चुना पडला. मेजर हसले, चक्क हसले.

दिवसभर अधूनमधून हाक जायची. पाय कसा आहे? गरम. पाणी दिलंत? दिलं. तो काय करतोय? बडबडतोय, क्लच कोण दाबणार विचारतोय. प्रत्येक वेळी काकांचं उत्तर तोकडं होत गेलं. बाईंना ते बरंच वाटलं, जितकं कमी बोलावं तितकं चांगलं.

अंधारून आल्यावर यंत्राचा गाडा सोडला. माणसाशिवाय चालणारा, सरपटत जाणारा, वाटेभर कुरकुरणारा. पोरांनी त्याचं नाव सासू ठेवलं होतं. एका वेळी एकच माणूस मावायचा. काकांनी तिमीशला त्यावर बांधलं आणि कळवलं, "पोरगं निघालं. सासूला म्हणावं परत ये, मी बसतो जरा."

तिमीश आला. बाईंनी आधी पायच पाहिला. गरम, नाडी लागते आहे, बोटं हलताहेत. बाईंनी त्याच्या अंगठ्याला हात लावला आणि त्यांना रडू फुटलं. लपवलं वगैरे काही नाही, सगळ्यांसमोर रडल्या.

सासू परत गेली. पडक्या घरापाशी थांबली, वाट पाहिली आणि रिकामीच आली. वायरलेसला उत्तर नव्हतं. मग दोघं जण पायी गेले आणि काकांना स्ट्रेचरवर घेऊन आले. काका त्या घरातच, हे दोघं पोचण्याआधीच गेले होते.

बाईंनी जाकीट कापलं. डाव्या कोपराच्या आत एक भोक, गाडी उडाली तेव्हाचं, बोट जाईल एवढं. अस्तर रक्ताने जड झालं होतं. वर दंडाला रबराची नळी, सैल. हात झोपला की बोटं चालत नाहीत आणि बोटं चालल्याशिवाय गॉज ठासता येत नाही. काकांनी नळी ढिली करून हात उठवला होता, मग नळी परत आवळली होती. आणि फौजेत शिकले तसे पुढे तासातासाने ते हाताला श्वास देत राहिले होते. गॉजचं पुडकं एकच होतं. ते तिमीशच्या मांडीत होतं.

दिवसभर बाईंनी सगळं विचारलं होतं. तुम्हाला काही लागलंय का, एवढंच विचारलं नव्हतं.

"तिमीशची नोंद घेतोय," मेजर खालच्या आवाजात म्हणाले. "वायरलेसवरून पट्टा सोडवला, पाय वाचला. यावर मंजुरी येईल, बाई. शेकडो पाय वाचतील."

"आणि काका?"

"ते अभ्यासात येत नाहीत. जिवंत पोहोचलेलेच धरायचे, असं ठरलंय. तुम्हीही होतात ठरवताना."

"मग तुमच्या अभ्यासात सगळं छानच दिसणार!" बाई किंचाळल्या. "त्या तळघरात दोघं होते, मेजर! दोघं! एकाचा पाय वाचला ते लिहाल. तो वाचवताना दुसरा मेला, ते कुठे लिहाल?"

मेजरनी नोंदवही मिटली. दुष्टपणा त्यांच्यात नव्हता.

सकाळी जखमींना न्यायला इस्पितळाची आगगाडी मागच्या स्टेशनात लागली. तिमीशला बर्थवर ठेवलं. त्याने चादर बाजूला सारून पाय उघडा ठेवला होता. येणाऱ्याजाणाऱ्या नर्सला बोटं हलवून दाखवत होता. "बघा, बघा! क्लच दाबतोय!" बाई दिसल्या तसा आणखी खुलला.

"बाई, काका कुठल्या डब्यात स्ट्रेचर उचलताहेत? त्यांना आधी दाखवायचंय. काल किती शिव्या दिल्या मी त्यांना. बिचारे सारखा हात झटकत होते, म्हणत होते मुंग्या आल्यात."

बाई त्याच्या उशाशी बसल्या. खोटं बोलायचं ठरवून आल्या होत्या. जमलं नाही.

"काका गेले, तिमीश. त्यांच्या हाताला लागलं होतं."

तिमीश बघत राहिला. "मुंग्या म्हणाले ते."

"हो."

"मला म्हणाले ते, मुंग्या!" डब्यात कुणीतरी चहा मागत होतं. "मग त्यांना आधी का नाही आणलंत?"

"मी विचारलंच नाही," बाई म्हणाल्या. "मी तुझ्या पायाचंच विचारत राहिले."

त्याची बोटं हलायची थांबली. त्याने वाकून चादर ओढायचा प्रयत्न केला, हात पोचेना.

"झाका हो तो," तो म्हणाला. "झाका आधी."