अण्णांच्या फोटोमागची पोर

उपेंद्रअण्णांनी चौकात लावलेला डिजिटल बघितल्यावर माझ्या तोंडातनं जे निघालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या भाजीवाल्या मावशीनं कानावर पदर ओढला. ओढू दे. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ आहे आणि ते अख्ख्या निपाणीला ठाऊक आहे.

डिजिटल म्हणजे काय ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. बांबूच्या चौकटीवर ताणलेला रंगीत फ्लेक्सचा फलक. कुणाचा वाढदिवस असो, कुणी सोसायटीत निवडून येवो, कुणाचा बैल शर्यतीत पहिला येवो, लागला डिजिटल. वर मोठ्या लोकांची डोकी, मधे ज्याचं कौतुक तो, खाली शुभेच्छुकांच्या तोंडांची रांग. या डिजिटलवर आमच्या हायस्कूलच्या खो-खोच्या पोरी होत्या. तालुक्यात पहिल्या आल्या होत्या. आणि फोटो मी काढलेला होता.

मी सुविधा. आठवडाभर बँकेच्या खिडकीमागं बसते आणि सुट्टी आली की कॅमेरा गळ्यात अडकवून शाळांच्या मैदानावर जाते. खो-खो, कबड्डी, थाळीफेक, जे असेल ते. मला कुणी बोलवत नाही, मी जाते. सुरुवातीला लोक विचारायचे, "बाई, तुमचं लेकरू हाय व्हय ह्यात?" मी म्हणायचे, "न्हाय." "मग?" "मग काय, दुसऱ्याची लेकरं बघायला टॅक्स लागतोय व्हय?" आता कुणी विचारत नाही. मी धुळीत पालथी पडून फोटो काढते, घरी येऊन ते ग्रुपवर टाकते, आणि दुसऱ्या दिवशी तंबाखूच्या वखारीत कामाला जाणाऱ्या आयांच्या फोनवर त्यांच्या पोरी झळकतात. पळणाऱ्या पोरीचा चेहरा धरायचा तर ती कुठं वळणार ते तिच्या आधी आपल्याला कळावं लागतं. ते मला कळतं. गर्व म्हणा हवं तर.

तालुक्याच्या फायनलला आमच्या संघातल्या आरोहीनं कमाल केली. समोरच्या संघाची शेवटची पोरगी खांबाला वळसा घालून निसटत होती. आरोहीनं एका हातानं खांब धरला आणि अख्खं अंग जमिनीला आडवं करून झेप घेतली. दुसऱ्या हाताची बोटं त्या पोरीच्या टाचेला लागली आणि शिट्टी वाजली. ती झेप माझ्या कॅमेऱ्यात पुरी सापडली. नंतर ढाल घेऊन बारा जणींचा फोटो काढला. आरोही डावीकडच्या टोकाला उभी होती, दोन्ही गुडघे सोललेले आणि दात सगळे बाहेर.

उपेंद्रअण्णा शाळेच्या संस्थेचे चेअरमन. मला म्हणाले, "मॅडम, तो ढालीचा फोटो पाठवा. झकास डिजिटल करू." मी म्हटलं, "पाठवते, पण बाराच्या बारा पोरी दिसल्या पाहिजेत." "तर हो," म्हणाले.

चौकात अकराच दिसत होत्या. डावीकडच्या टोकाला अण्णांचा हसरा फोटो गोल करून बसवला होता, आणि त्या गोलाखालनं दोन सोललेले गुडघे बाहेर आले होते. अण्णांनाच पोरीचे पाय फुटल्यागत दिसत होतं.

मला हसू आलं असतं, पण मावशीनं पुढचं सांगितलं. माझ्याआधी आरोहीचा बाप भरमा येऊन गेला होता. भरमा टेंपो चालवतो. पोरीचा डिजिटल लागला म्हणून त्यानं कोगनोळीहून बहीण-मेव्हण्यांना आणलं, म्हाताऱ्या आईला, सोनुबाईला, पुढं बसवलं आणि सगळ्यांना घेऊन चौकात उभा राहिला. "म्हातारी विचारतीया, भरमा, आपली कुठली रं? आणि त्यो नुस्तं बोट फिरवतोय, ह्या टोकापासनं त्या टोकापातूर," मावशी म्हणाली. "शेवटी म्हातारीनंच गुडघं वळखलं. म्हणाली, ह्याला मीच हळद लावलीय की."

बारा जणींत आमच्या गल्लीतली, आमच्यातली, एकच पोर. आमची गल्ली आणि बाकीचं गाव यात काय आहे ते निपाणीत नकाशा काढून दाखवावं लागत नाही. मी त्याच गल्लीत वाढले. गोल नेमका तिच्यावरच बसला हा योगायोग म्हणायचा तर म्हणा. मी म्हणणार नाही.

तशीच भरमाकडं गेले. तो कट्ट्यावर बसला होता. "आक्का, पोरगी पडती, फुटती, माझं कधी काय म्हणणं न्हवतं," तो म्हणाला. "पर माझ्या आईला भर चौकात उभं करून त्यांनी गुडघं दाखवलं. संघाचा शर्ट शाळंत परत देऊन आलोय. सोमवारी पोरगी चिकोडीला जाणार न्हाय."

सोमवारी चिकोडीला शैक्षणिक जिल्ह्याचे सामने होते. पुढच्या संघांसाठी पोरी निवडायच्या त्या तिथनंच. दहावीची पोर, पुढच्या वर्षी शाळा सुटणार, म्हणजे आत्ता नाही तर नाहीच. आत आरोही भांडी घासत होती, आणि ज्या रीतीनं पातेली आपटत होती त्यावरनं तिचं म्हणणं गल्लीच्या टोकापर्यंत कळत होतं.

मी अण्णांच्या घरी गेले. त्यांनी सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, गोड बोलले. "अहो मॅडम, डिझाइनवाल्याची चूक. आता एका पोरीसाठी सगळा डिजिटल उतरवायचा का? पुढच्या वेळी तिला मधोमध घालू."

"ती संघात न्हाय आता, अण्णा. शर्ट परत आलाय."

"मग दुसरी कोण तरी घेऊ," अण्णा म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाण्याचा ग्लास होता तसा ठेवला आणि उठले.

डिजिटल छापणारा सुहास माझ्या ओळखीचा. मला बघून तो आधीच हात जोडून उभा राहिला. "आक्का, मी अण्णांचा गोल वरच्या कोपऱ्यात टाकलेला. जरा खाली घे, पोरींच्या जवळ दिसू दे, अण्णाच म्हणाले. खाली पोरगी झाकतीया म्हणून सांगितलं मी. चालतंय म्हणाले."

चालतंय. बरं.

"सुहास, मला एक डिजिटल करायचा हाय," मी म्हटलं. "आरोहीची झेप. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत तीच."

"वर कुणाला घालायचं?"

"कुणाला न्हाय."

"खाली शुभेच्छुक?"

"माझं एक नाव घाल."

सुहासनं खुर्ची मागं ओढली. "एकट्या माणसाचा फोटो, वर कोण न्हाय, खाली एकच नाव. आक्का, लोकं श्रद्धांजली म्हणतील की. फुलं वाहून जातील."

हे मात्र खरं होतं. आमच्याकडं एकटा फोटो फक्त मेलेल्याचा लागतो. जिवंत माणसाच्या खाली माणसं पाहिजेतच. मग मी माणसं गोळा करायला निघाले. बँकेतला एक म्हणाला, माझी बदली व्हायची आहे, कशाला उगाच. एक बाई म्हणाल्या, माझा मुलगा त्याच शाळेत आहे हो. शाळेच्या पीटी सरांनी तर फोनच उचलला नाही. माझी सख्खी मावसबहीण म्हणाली, "सुविधा, तुला कशाला नसती उठाठेव?" सगळ्यांना आरोहीचं वाईट वाटत होतं. वाईट वाटायला काय जातंय.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सुहासच्या दुकानात बसले होते, तर दारात शाळेच्या गणवेशातल्या अकरा पोरी. पुढं श्रिया. ही संघाची कॅप्टन, आणि उपेंद्रअण्णांची सख्खी पुतणी.

"आंटी, शुभेच्छुक मिळंनात म्हणं तुम्हाला," ती म्हणाली. "आमचं फोटो घाला. अकरा जणींचं."

"अगं, तुझा काका काय म्हणंल?"

"काका घरात काका. मैदानात कॅप्टन मी हाय. आरोही न्हाय तर चिकोडीत खांबावर झेप कोण घेणार, काका?"

बाकीच्या फिदीफिदी हसल्या. सुहासही हसला, मग गंभीर झाला आणि म्हणाला, "आणा फोटो." पोरींनी ओळीनं भिंतीपुढं उभं राहून माझ्याकडनं काढून घेतले. एकीनंही तोंड वाकडं केलं नाही की केस सारखे करायला वेळ मागितला नाही.

माझ्या घराची भिंत चौकाकडं तोंड करून आहे. घर माझं, भिंत माझी, खिळे माझे. अण्णांच्या डिजिटलच्या बरोबर समोर आरोही लागली. अख्ख्या भिंतीवर आडवी, बोटं टाचेला टेकलेली, तोंडात माती. वर नुसतं आभाळ. खाली अकरा गोल चेहरे, आणि त्यात एक अण्णांच्या घरातला.

तासाभरात फोन आला. "मॅडम, ते आधी उतरवा. शाळेची बदनामी आहे."

"पोरगी शाळेचीच हाय, अण्णा. बदनामी कसली?"

"मुलींना विचारलंत का?"

"व्हय. तुमच्या घरात एक हाय, तिला तुम्हीच विचारा."

अण्णांनी तिकडं टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "बरं. आजपासून आमच्या शाळेत आणि आमच्या संघाच्या मॅचला तुमचा कॅमेरा चालणार नाही. बंदी समजा."

मी बरं म्हटलं. फोन ठेवला. खोटं कशाला बोलू, लई वाईट वाटलं. आठवडाभर त्या खिडकीमागं बसते ती त्या मैदानाच्या आशेवरच की. पण भिंतीवरचा खिळा काही उपटला नाही.

संध्याकाळी भरमा आला. बरोबर सोनुबाई आणि आरोही. म्हातारी डिजिटलजवळ गेली आणि तिनं नातीच्या छापलेल्या पायावरनं हात फिरवला. भरमा लांब उभा राहून बघत होता.

"झ्याक हाय, आक्का," तो म्हणाला. "तुमचं उपकार. पर हा तुम्ही लावलाय. त्यांचा अजून समोर तसाच हाय. पोरगी न्हाय जायाची."

"आप्पा," आरोही म्हणाली. आतापर्यंत ती माझ्या पायरीवर बसली होती. "असू दे की त्यो तिथंच. त्यांनी मला फोटोत झाकलं. चिकोडीच्या मैदानावर कशानं झाकणार हायती? पर मला घरात बसवलासा, तर मग तुम्हीच झाकलासा."

बापाला असं बोललेलं भरमाला खपत नाही. मला वाटलं, आता हात उगारतो. त्यानं नुसतं तिच्याकडं बघितलं, मग आईकडं, आणि टेंपोला किल्ली लावली.

शनिवारी सकाळी मी बँकेत निघाले होते, तेव्हा टेंपो दारात. आरोही आत बसलेली. "आक्का, शाळंत चला माझ्यासंगं," भरमा म्हणाला. "माझं तोंड सुटलं तर आवरा." माझ्यासारखीला हे सांगायचं म्हणजे मांजराला दुधावर राखणीला बसवल्यासारखंच, पण गेले. बँकेतनं परस्पर दुसऱ्या शाळेच्या मैदानावर जायचं म्हणून कॅमेऱ्याची पिशवी खांद्यावर होतीच.

हेडमास्तरांच्या खोलीत अण्णा, हेडमास्तर आणि पीटी सर बसले होते. सोमवारच्या संघाचंच चाललं होतं. अकरा पोरींनी सकाळीच सांगून टाकलं होतं म्हणे, बारावी पोर आरोही असंल तर जाऊ, न्हायतर तुम्हीच पळा. भरमा आत जाऊन उभा राहिला. चपला बाहेर काढल्या नाहीत.

"पोरीचा शर्ट द्या," तो म्हणाला.

"या भरमा, या, बसा," अण्णा लगेच उठले. माणूस हुशार, वारं कुठलं ते ओळखतो. "चहा सांगतो. अहो, चूकभूल द्यावी घ्यावी. सर, शर्ट काढा तो."

"चहा नको. शर्ट द्या."

पीटी सरांनी कपाटातनं सात नंबरचा शर्ट काढला. तो थेट भरमाला द्यायचा, तर अण्णांनी मधेच हातात घेतला. दोन्ही हातांनी पुढं धरला. भरमानं एक बाही धरली तरी अण्णांनी सोडला नाही. मान माझ्याकडं वळवली, केस सारखे केले आणि हसले. हेडमास्तर टेबलाला वळसा घालून मागं येऊन उभे राहिले.

"मॅडम, कॅमेरा आहेच तुमच्याकडं. काढा एक. झालं गेलं विसरून जाऊ."

शर्ट दोघांच्या मधे ताणलेला. मी पिशवीला हात लावला नाही.

"काढा की," अण्णा म्हणाले. हसू तसंच धरून ठेवलं होतं.

"शाळेत माझ्या कॅमेऱ्याला बंदी हाय न्हवं, अण्णा," मी म्हटलं. "तुम्हीच घातलीसा. मी पाळाय लागलीया."

बाहेर प्रार्थनेची घंटा झाली. अण्णांचे गाल हळूहळू खाली आले, पण बोटं शर्टावर तशीच होती. पीटी सर खिडकीबाहेर बघायला लागले.

"सोडा, अण्णा," भरमा म्हणाला. आवाज चढवला नाही.

अण्णांनी सोडला.

भरमानं शर्ट झटकला, खांद्यावर टाकला आणि बाहेर पडला. मी मागनं. टेंपोच्या खिडकीतनं आरोही मान बाहेर काढून बघत होती. त्यानं शर्ट तिच्या मांडीवर टाकला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला.

"घरला गेल्यावर धुवून वाळत घाल," तो म्हणाला. "सोमवारी लवकर निघायचं हाय."