भिंगरीची शाळेतली तारीख

थोरल्या भावानं पाठीच्या दुखण्यापायी ट्रक विकला आणि तो घरी बसला, त्याच वर्षीची ही गोष्ट. घरी बसलेला पुरुष म्हणजे उंबऱ्यातला दगड, येता-जाता ठेच. आजी त्याच्यावर करवादायची, त्याची बायको गप्प राहायची, आणि धाकटी लेक भिंगरी त्याला पालथं झोपवून त्याच्या पाठीवर चालायची. डॉक्टरच्या सगळ्या औषधांपेक्षा त्याला तेच बरं वाटायचं.

भिंगरी हे काही पोरीचं खरं नाव नव्हे. ती एका जागी ठरायची नाही, म्हणून आत्यानं ते पाडलं आणि चिकटलं. आत्या म्हणजे त्या भावाची विधवा बहीण. दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत राहायची आणि शिंप्याच्या दुकानात काज-बटण करणं, उसवणं, आखूड-लांब करणं, अशी कामं करायची. तिची आई आता नातवंडांमुळे सगळ्यांचीच आजी झाली होती. आत्यासुद्धा तिला आजीच म्हणायची.

त्या घरात मुलींची एक रीत होती. मुलीला सात वर्षं पुरी व्हायच्या आत एका बाईकडे न्यायचं आणि तिच्या मांड्यांमधला नाजूक भाग थोडा कापून टाकायचा. घरात त्याला नाव नव्हतं. नुसतं 'ते' म्हणायचे. "हिचं ते झालं का?" आजीचं झालेलं, आत्याचं झालेलं, वहिनीचं तिच्या माहेरी झालेलं. पुरुषांनी विचारायचं नाही, बायकांनी बोलायचं नाही. आणि मुलीचे हात धरायचा मान बापाच्या बहिणीचा.

थोरल्या भाचीच्या वेळी आत्यानं तो मान घेतला होता. पोरगी दोन दिवस रक्तात होती. लोक विचारतील म्हणून कुणी दवाखान्यात नेली नाही. वाचली, तिच्या नशिबानं. पण त्या दिवसापासून तिनं आत्याच्या हातून पाण्याचा पेलाही घेतला नाही. आता ती सतरा वर्षांची होती, घरात सगळे तिला ताई म्हणत, आणि आत्या आली की ताई उठून दुसऱ्या खोलीत जाई. दहा वर्षं हेच.

दीड वर्षापूर्वी दुकानात एक ठेंगणी, घोगऱ्या आवाजाची बाई कोट सैल करून घ्यायला आली. बोलता बोलता कळलं, ती अशा बायकांचं एक केंद्र चालवते. जिचं झालंय तिनं यावं, बोलावं, दुखणं असेल तर डॉक्टर गाठून द्यायचा, आणि जिचं व्हायचंय तिला वाचवायचं. आत्या त्या बुधवारी 'नुसतं बघून येते' म्हणून गेली आणि मग एकही बुधवार चुकवला नाही. केंद्रावर एक फोन होता. तो वाजला की घोगरी बाई नाव विचारत नसे, गाव विचारत नसे. पहिला प्रश्न एकच, "मुलगी आत्ता कुठे आहे?" बाकी सगळं नंतर.

भिंगरीसाठी आत्यानं तिथं कागद भरला होता. सात पुरी व्हायला चार महिने आहेत, असं त्यावर लिहिलं होतं. पुढच्या महिन्यात घोगरी बाई एका डॉक्टरला घेऊन भावाशी बोलायला येणार होती. घरी बसलेला बाप कधी नव्हे तो सापडत होता. सगळं नीट ठरलं होतं.

मंगळवारी बाराला दहा मिनिटं कमी असताना दुकानातला फोन वाजला.

"आत्या?"

दहा वर्षांनी त्या तोंडून हा शब्द आला. आवाज ओळखायलाच वेळ लागला.

"ताई? काय गं, काय झालं?"

"आजी आणि आई भिंगरीला शाळेतून मध्येच घेऊन गेल्या. दात दाखवायला, म्हणे. तिचे दात गेल्याच महिन्यात दाखवून झालेत."

"अगं, पण तिला सात व्हायला अजून चार महिने..."

"कुणाच्या तारखेनं? शाळेच्या?" ताई म्हणाली. "ती तारीख लिहिली कुणी?"

आत्यानंच. शाळेत नाव घालायला तीच गेली होती. घरात तेवढं लिहिता येणारी तीच. चार महिने कमी लावले तर पुढं नोकरीत कामाला येतात, लग्नात कामाला येतात, सगळेच लावतात, म्हणून तिनं हसत हसत तारीख पुढं ढकलली होती. मग तीच तारीख वह्यांवर, गुणपत्रिकेवर, लस टोचल्याच्या कार्डावर बघून बघून तिच्या डोक्यात खरी होऊन बसली. केंद्राच्या कागदावरही तीच गेली. भिंगरी जन्मली तेव्हा प्रसूतिगृहाच्या बाकावर रात्रभर ही स्वतः बसली होती, तरी! काखेत कळसा म्हणतात तो असा. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं बोटांवर मोजलं होतं, आणि बरोबर मोजलं होतं. येत्या रविवारी पोरीला सात पुरी होत होती.

"त्या वेळी हात धरलेस ना," ताई म्हणाली, "आता काय करतेस ते बघते." आणि फोन ठेवला.

आत्यानं मांडीवरचा कोट खाली टाकला आणि चपला शोधल्या.

"अहो, कुठं?" शिंपी ओरडला. "गिऱ्हाईक दोनला येतंय! एक बाही लागायचीय अजून!"

"एका बाहीचा घाला म्हणावं. हवा लागेल."

रस्त्यानं चालता चालताच तिनं पिशवीतल्या मोबाइलवरून केंद्राला फोन लावला.

"मुलगी आत्ता कुठे आहे?"

"मला माहीत नाही हो बाई, मीच चुकीची तारीख..."

"ते नंतर. रडणंही नंतर. कुठं नेली असेल?"

आत्या रस्त्याच्या कडेला थांबली. पूर्वीची ती कापणारी बाई चौथ्या मजल्यावर राहायची. आजीचे गुडघे गेलेले. दोन वर्षांत ती तीनपेक्षा जास्त पायऱ्या चढली नव्हती. म्हणजे तळमजला. तळमजल्यावर कोण? लाँड्रीच्या मागं निवृत्त नर्सबाई राहायची, आजीच्या गुडघ्यात सुई द्यायची. आणि गेले दोन महिने आजीच्या तोंडी एकच कौतुक, नर्सबाईकडे सगळं कसं उकळून घेतात, सगळं कसं स्वच्छ.

"सापडली," आत्या म्हणाली आणि पत्ता सांगितला.

"मी बालसंरक्षण अधिकाऱ्यांना घेऊन निघते. वीस मिनिटं लागतील, पंचवीस धरा. तुम्ही आत शिरा आणि वेळ काढा. भांडू नका. भांडलात तर तुम्हाला बाहेर काढतील आणि पोरगी आत राहील."

लाँड्रीच्या मागच्या बोळात साबणाची वाफ दाटली होती. नर्सबाईचं दार बंद होतं आणि आत रेडिओ लावलेला. कुणीतरी हवामान सांगत होतं, तेही इतक्या मोठ्यानं, की सगळी गल्ली बहिरी असावी. भर दुपारी हवामान कोण एवढ्या मोठ्यानं ऐकतं? आत्यानं दारावर थाप मारली. मग दुसरी. मग थांबलीच नाही.

नर्सबाईनं दार बोटभर उघडलं. आत्यानं त्यात खांदा घातला.

खोली लहान, लख्ख पुसलेली. खाटेवर रबराची चादर. टेबलावर झाकलेला ट्रे. खुर्चीत आजी, पाय ताणून. खिडकीशी वहिनी, भिंगरीचं दप्तर छातीशी धरून, तोंड भिंतीकडे. आणि खाटेच्या कडेला पाय हलवत भिंगरी.

"आत्या!" पोरगी ओरडली. "तुला पण दात दाखवायचाय?"

"तुला कुणी सांगितलं?" आजी म्हणाली.

"सांगायला कशाला हवं? हात धरायचा मान कुणाचा? मी जिवंत असताना परकी बाई धरणार?"

"तू त्या बुधवारच्या बायकांत बसतेस. माझे गुडघे गेलेत, डोळे नाही गेले."

"बसते. तिथं चहा फुकट मिळतो."

नर्सबाई फसकन हसली. आजी हसली नाही. पण मान तो मान. चार नातलगांत उद्या कुणी विचारलं, बापाच्या बहिणीनं धरलं का, तर हो म्हणता यायला हवं होतं. तिनं हातानंच 'बस' अशी खूण केली.

"हात धुते आधी," आत्या म्हणाली. "रस्त्याची धूळ आहे."

कोपऱ्यातल्या नळाखाली तिनं हात धरले. साबण मागितला. एकेक बोट धुतलं, नखं धुतली, मनगटं धुतली, पुन्हा बोटांवर आली. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. फोन करून नऊच मिनिटं.

"हात धुतेस का गोधडी?" आजी म्हणाली.

"बाईच म्हणतात ना, स्वच्छ हवं म्हणून." मग नर्सबाईकडे वळून, "सुईतलं औषध जुनं नाही ना? बाटली बघू."

नर्सबाईनं बाटली दाखवली. आत्यानं ती उजेडात धरली, वरची बारीक अक्षरं एकेक जोडून वाचली, पुन्हा वाचली. बारा वाजून आठ.

"तुम्हाला औषधातलं कळतं?"

"नाही कळत. म्हणून तर वेळ लागतो."

"पुरे," आजी म्हणाली. "बस."

आत्या खाटेवर बसली. भिंगरी सरकून तिच्या मांडीवर आली, जशी रोज यायची. तिचे हात गार होते. दात दाखवायला रबराची चादर कशाला, हे तिच्याही आता ध्यानात येत होतं. तिनं वर बघितलं.

"आत्या, दुखणार नाही ना?"

दहा वर्षांपूर्वी ताईनं हेच विचारलं होतं, याच शब्दांत. आत्या तेव्हा म्हणाली होती, "नाही गं राणी." अजून बारा-तेरा मिनिटं काढायची होती. आताही 'नाही' म्हटलं असतं तर त्यातली पाच तरी सहज निघाली असती. घोगऱ्या बाईनं सांगितलेलं सगळं तिला पाठ होतं. पण जीभ वळली नाही.

"दुखेल," ती म्हणाली. "म्हणूनच मी हात लावू देणार नाही कुणाला."

आणि तिनं दोन्ही हातांनी पोरीला पोटाशी आवळलं.

रेडिओवर हवामान चालूच होतं. मग आजी खुर्चीतून उठली. तिचे दुखरे गुडघे तेव्हा कुठं गेले होते कोण जाणे. तिनं भिंगरीचा पाय धरला.

"सोड तिला! घराण्याला काळं फासतेस?"

"आई," आत्या म्हणाली. कित्येक वर्षांत ती आजीला आई म्हणाली नव्हती. "ताई दोन दिवस रक्तात होती. तू दाराला कडी लावलीस. मी तिथंच बसले होते, मीही उघडली नाही. आता बास."

"मी मेले का? माझं झालं, तुझं झालं, आपण काय मेलो?"

"मेलो नाही म्हणजे झालं का सगळं?"

नर्सबाई मध्ये आली. "बाई, धरायचं तर धरा, नाहीतर बाहेर व्हा. माझ्या घरात तमाशा नको." तिनं आत्याची बोटं उकलायला घेतली. बोटं शिवणकामाची होती, लोखंडी, पण एकटीची किती पुरणार? एक सुटलं. दुसरं सुटलं.

"सूनबाई!" आजी ओरडली. "उभी काय राहिलीस? हिला धर मागून!"

वहिनीनं दप्तर खाली ठेवलं. आत्यानं तिला येताना पाहिलं. तिघींपुढं ती पुरी पडणार नव्हती. लग्न होऊन आल्यापासून वहिनीनं सासूचा शब्द एकदाही मोडला नव्हता.

वहिनी खाटेपर्यंत आली, खाटेवरून पुढं गेली आणि तिनं रेडिओ बंद केला.

एकदम सगळं ऐकू यायला लागलं. शेजारी कुणीतरी भांडी घासत होतं. लाँड्रीत दोघं हसत होते. नर्सबाईचा हात जिथल्या तिथं थांबला. आता खोलीतला शब्दन् शब्द गल्लीत जाणार होता.

"ओरड गं," वहिनी लेकीला म्हणाली. "जोरात ओरड."

भिंगरीला एरवी गप्प बस म्हणून सांगावं लागे. तिनं आईकडे एकदा बघितलं आणि जी बोंब ठोकली, ती बोळाच्या टोकापर्यंत गेली. लाँड्रीतलं हसणं थांबलं. भांडी थांबली. "कोण रडतंय? ओ नर्सबाई!" म्हणून बाहेरून हाका सुरू झाल्या. नर्सबाईनं ट्रे उचलून खाटेखाली सरकवला आणि स्वतःच दार उघडलं.

"न्या," ती म्हणाली. "सगळ्या जणी चालत्या व्हा."

घोगरी बाई अधिकाऱ्यांना घेऊन आली तेव्हा आत्या लाँड्रीच्या पायरीवर बसली होती, पोरगी अजून पोटाशी आवळलेली. सोड म्हटलं तरी हात लवकर सुटेनात.

"मुलगी..." घोगऱ्या बाईनं सवयीनं सुरू केलं आणि पोरगी समोरच दिसली तशी प्रश्न तिथंच सोडला.

पुढं व्हायचं ते झालं. खाटेखालचा ट्रे अधिकाऱ्यांनी नेला. नर्सबाईवर खटला उभा राहिला. आजीला दोनदा जबाबाला जावं लागलं. दर महिन्याला एक अधिकारी बाई घरी येऊन भिंगरीला बघून जाऊ लागली. डॉक्टरनं भावाला समोर बसवून, चित्र काढून सगळं समजावलं. "मला वाटलं नुसतं टोचतात," एवढंच तो म्हणाला. तरी म्हाताऱ्या आईला चौकशीला उभं केलं म्हणून त्यानं बहिणीला दार बंद केलं. वहिनीला सासूचं बोलणं उठता-बसता ऐकावं लागलं. ऐकायची आणि भाकरी थापत राहायची. मात्र बुधवारी दुपारी भाजी आणायला म्हणून जायची, तिला दोन तास लागायचे. तिच्याबरोबर कधी कधी ताईही यायची आणि केंद्रावर आत्यापासून दोन खुर्च्या सोडून बसायची. दुसऱ्या खोलीत जात नसे.

आजी पुढच्या वर्षी उन्हाळ्यात वारली. सोमवारी, सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या. शेवटपर्यंत ती आत्याशी एक शब्द बोलली नाही.