पुढं पळणारा

“पुढच्या दांडीला श्रीमंतशेट ऱ्हातील. तुमी मागं धरा, गुरुजी,” रेवणसिद्धप्पा म्हणाला.

रामकिशननं दांडीवरचा हात काढला नाही. सकाळी मास्तर गेल्याचा निरोप आला तेव्हा तो पोरांना बाराखडी गिरवायला बसवून फळ्याशी उभा होता. पाट्या तशाच टाकून त्यानं शाळा सोडली आणि तीन कोस उन्हातून चालत चिटगुप्प्याला आला. तो काय मागची दांडी धरायला?

लिंगायत रीतीप्रमाणं मास्तरांना खांद्यावरून न्यायच्या सजवलेल्या विमानात बसवून झालं होतं. चार बाजूंना केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि पाठ ताठ. ती पाठ कापडानं बांधून ताठ केलीय हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. गुरुशांतप्पा मास्तर जन्मभर तसेच बसत आले होते.

“पुढं मी कामून न्हाई?” रामकिशननं विचारलं.

रेवणसिद्धप्पा मास्तरांचा पुतण्या. सकाळपासून ओरडून त्याचा घसा बसला होता. “आता काय सांगावं तुमाला! काकांचा पट्टशिष्य कोन, हे साऱ्या कॉलेजाला ठावं. आन् आजारपणात रोज येऊन कोन बसलं? शेवटचं पाणीबी शेटनंच पाजलं.”

रामकिशन मुकाट्यानं मागच्या दांडीकडे गेला. पाणी! श्रीमंतची अडत मास्तरांच्या गल्लीच्या तोंडाशी. गादीवरून उठलं की मास्तरांचा उंबरा. एवढं जवळ राहिल्यावर पाणी कुणीही पाजील.

श्रीमंत खाली वाकून पुढची दांडी खांद्यावर घेत होता. मेहकरच्या पाटलाचा हा पोरगा एके काळी वेताच्या छडीसारखा होता. आता सदऱ्याच्या गुंड्या पोटावर ताणल्या होत्या. रामकिशनला ते बघून बरं वाटलं, आणि मयताच्या दारात असं बरं वाटावं याची लाजही वाटली. पण बरं वाटायचं काही थांबलं नाही.

चिटगुप्प्याला परतण्याआधी गुलबर्ग्याच्या कॉलेजात मास्तर सकाळी कवायत घेत आणि संध्याकाळी पोरांना पळायला शिकवत. त्याआधी ते निजामाच्या फौजेत घोडदळात होते. कानडी पोरांशी कानडीत बोलत, मराठी पोरांशी मराठीत आणि शिव्या मात्र सगळ्यांना दख्खनीत देत. त्यात भेदभाव नव्हता. पोराला ताप आला तर वसतिगृहात आंबील घेऊन येत आणि “पितो का नाकात घालू?” म्हणून उशाशी बसत. खजुरीसारख्या गावातून आलेल्या, रात्री पांघरुणात आईसाठी रडणाऱ्या रामकिशनला त्या आंबिलीनंच कॉलेजात टिकवलं. मास्तरांनी आपल्याकडे एकदा जास्तीचं बघावं, एवढ्यासाठी तो पळायला लागला.

आणि मास्तरांनी त्याला दिलं काय? श्रीमंतच्या पुढं पळायचं काम.

“शिरीमंत घोडा हाय, पन त्याला चाल न्हाई,” मास्तर म्हणत. “सुरवातीलाच उधळतो आन् शेवटाला फेस. रामकिशन, तू पुढं ऱ्हा. त्याला चाल दे. मागं बघायचं न्हाई.”

मैदानाच्या कडेला एक चिंच होती. शर्यत निम्म्याहून जास्त झाली की त्या चिंचेपाशी रामकिशननं डाव्या अंगाला सरकायचं. श्रीमंत सुसाट पुढं निघून जायचा. टाळ्या, शिट्ट्या, त्याच्या नावाचा गजर. रामकिशन चिंचेला टेकून धापा टाकत ते ऐकायचा.

“मास्तर, आज मी शेवटपर्यंत पळू?” त्यानं एकदा विचारलं होतं.

“उद्या,” मास्तर म्हणाले होते.

मग हैदराबादची शर्यत झाली. श्रीमंतनं चांदीचा कप आणला. गुलबर्ग्याच्या स्टेशनावर पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि त्याची वळकटी रामकिशननं आणली. तो उद्या काही आला नाही.

“हर हर महादेव!” जंगम अय्यांनी शंख फुंकला. विमान उचललं.

शिष्यांनीच न्यावं ही मास्तरांची इच्छा. कुणाची जात कोणती हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, म्हणून आज कुणाला विचारायचं धैर्य झालं नाही. पण खांदे जमेनात. कुणी उंच, कुणी ठेंगणा. श्रीमंत चार पावलं जोरात टाकी आणि मग अडखळे. वेशीपर्यंत जाईतो विमान सुपासारखं हलायला लागलं.

“निल्रीऽ!” मागून चन्नव्वा कडाडल्या. सगळे थांबले. मास्तरांच्या बायकोनं सकाळपासून तोंडातून शब्द काढला नव्हता. पदर खोचून त्या पुढं आल्या. “मानूस न्यायलाव का कडबा? रामकिशन, तू सोड ती दांडी, तम्मा.”

“अव्वा, मी तर नीट—”

“सोड म्हनते न्हवं. पुढं हो. तू चाल दे ह्यांला.”

दुसऱ्या कुणीतरी त्याच्या हाताखालून दांडी घेतली. रामकिशन रिकाम्या खांद्यानं विमानाच्या पुढं जाऊन उभा राहिला. मागची दांडी होती, तीही गेली. मास्तर मेले तरी हे काम काही सुटलं नाही.

तो चालायला लागला. पहिल्यांदा नीट चालला. मग मागून श्रीमंतचा श्वास ऐकू आला, भात्यासारखा. रामकिशननं पाऊल लांब केलं. भात्याचा आवाज वाढला. त्यानं आणखी लांब केलं. पट्टशिष्य काय? चल मग. चल, शेट. आज तुला पुढं जाऊ देणारी चिंच कुठं आहे?

“ए, हळू! हळू की!” लोक ओरडले. शंखाचा आवाज मध्येच तुटला.

रामकिशननं मागं बघितलं. विमान एका अंगाला कललं होतं. बांधलेलं कापड सैल होऊन मास्तरांची मान उजव्या खांद्यावर झुकली होती. अगदी अशीच झुकायची ती. मैदानाच्या कडेला उभे राहून, मान कलती करून, ते पळणाऱ्याचे पाय बघायचे.

तो जागीच थांबला.

रेवणसिद्धप्पा धावत आला आणि कापड आवळू लागला. श्रीमंतनं दांडी खांद्यावरून खाली घेतली नव्हती. चेहरा तांबडालाल, गळ्याच्या शिरा फुगलेल्या.

“चाल कामून मोडलास?” तो एवढंच म्हणाला.

रामकिशन मास्तरांच्या मानेकडेच बघत होता.

“ठावं हाय मला,” श्रीमंत धापा टाकत म्हणाला. “तुझा माझ्यावर राग हाय. असू दे. माझाबी तुझ्यावर हाय.”

“तुझा? कप तुझ्या घरात हाय की.”

“हाय. घरची मंडळी त्यात दाळ मोजायल्यात.” त्यानं खांद्यानंच गालावरचा घाम पुसला. “मास्तर एकदा म्हनले असते, शिरीमंत, तुझे पाय बघू दे. न्हाई. दोन वर्सं आपलं एकच. रामकिशनचे पाय बघ, रामकिशनचे पाय बघ. तुझ्या टाचा बघून बघून जीव विटला माझा. परवा तापाच्या भरात डोळे उघडले त्यांनी. म्हनलं, मला वळखतील. तर इचारतात, पुढं कोन हाय?”

“मग तू काय सांगितलास?”

“काय सांगनार? रामकिशन हाय म्हनलं. मग झोपले.”

कापड आवळून झालं. मान सरळ झाली. रामकिशननं तोंड फिरवलं, कारण त्याला हे ऐकून गोड वाटलं होतं आणि ते श्रीमंतला दिसायला नको होतं.

आता तो नीट चालला. फार हळू नाही. मास्तरांना रेंगाळलेलं खपत नसे. पाऊल, पाऊल, पाऊल. मागची पावलं हळूहळू त्याच्या पावलांत मिसळली. श्रीमंतचा भाता शांत झाला. विमान हलायचं थांबलं. झेंडूच्या माळासुद्धा एका तालात झुलायला लागल्या.

मळ्याच्या वाटेवर एक चिंच होती. तिची सावली अंगावर आली तसा रामकिशनचा डावा पाय आपोआप बाजूला गेला.

“सरकू नको,” मागून श्रीमंत म्हणाला. “तू सरकलास की मी उधळतो.”

रामकिशननं पाय पुन्हा वाटेवर घेतला. चिंच मागं गेली. चिंचेच्या पुढची वाट त्याच्यापुढं पहिल्यांदाच मोकळी होती. ती संपूच नये असं त्याला वाटलं.

मळ्याच्या कोपऱ्यात काळ्या मातीचा ढीग होता आणि ढिगाशेजारी खड्डा. रामकिशन अगदी काठापर्यंत गेला आणि थांबला. त्याच्या मागं सगळे एकाच पावलावर थांबले. त्याच्या पुढं कुणी नव्हतं.

“गुरुजी,” रेवणसिद्धप्पा हलकेच म्हणाला, “जरा बाजूला व्हा. काकांना उतरवायचं हाय.”

रामकिशन डाव्या अंगाला सरकला, आणि मास्तर त्याच्या पुढं गेले.