पाणक्याची जागा

भांड्यांचं दुकान दुष्काळात कसं बसतं, ते मला विचारा. गिऱ्हाईक पितळ घ्यायला येत नाही, मोडीत घालायला येतं. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा अहमदपुरात आम्ही पेढे वाटले होते. वाटलं, आता साहेब येतील, त्यांच्या बायका येतील, स्टीलचे डबे खपतील. साहेब आले आणि लातुरात राहिले. चौथ्या वर्षी वडिलांनी दुकानाला कुलूप घातलं, आणि मी, मन्मथ, लिंगायत वाण्याचा थोरला मुलगा, नऊ कोसांवरच्या पाझर तलावाच्या कामावर माती उपसायला गेलो. नऊ कोस अशासाठी, की ओळखीचं कुणी भेटू नये.

तिथला मुकादम चंद्रप्पा नेमका आमच्यातलाच निघाला. त्याच्या बायकोचं माहेर आमच्या गल्लीत. सगळ्यांदेखत तो मला 'अप्पा' म्हणायचा आणि मिशीत हसायचा. जोडी मात्र त्यानं चांगली लावून दिली. एकानं खणायचं, दुसऱ्यानं टोपल्यानं माती बांधावर टाकायची, अशी तिथली रीत. माझा जोडीदार केरबा हा नांदेड जिल्ह्यातला, हदगावकडचा आंध, आदिवासी माणूस. माझ्या हाताला फोड आले की तो माझ्या हातातून कुदळ घ्यायचा. माझ्या वाट्याला मोजून दिलेला खड्डा, म्हणजे चौकडी, रोज अर्धी तोच खणत होता, हे मी कुणाला सांगितलं नाही. त्यानंही नाही.

मला त्या दिवसांत झोप लागत नव्हती. हात थरथरायचे. एकदा तर कोरड्या विहिरीच्या काठावर बराच वेळ उभा राहिलो होतो, कशाला ते मला ठाऊक होतं. पण केरबाचं दुखणं माझ्याहून मोठं होतं. कामावर येताना मुदखेडला गाडी बदलायची होती. तिथे फलाटावरच त्याचं तीन वर्षांचं लेकरू हगवणीनं गेलं. पाणी मागत गेलं. रुळांपलीकडे त्याला पुरून ही दोघं नवराबायको पुढच्या गाडीत बसली, कारण कामावर नाव लागायचं होतं. आता केरबा मधूनच कुदळ टाकून चालायला लागे. बायको, सरजाबाई, धावत जाऊन त्याला धरून आणी. कुठं निघाला विचारलं, की म्हणे, पोराला पाणी पाजून येतो.

मृग कोरडा गेला तेव्हा लातूरच्या नव्या दवाखान्यातून एक तरुण डॉक्टर जीपनं आला. कामावरच्या पुरुषांची मनं कशी आहेत, ते त्याला लिहून न्यायचं होतं. लिंबाखाली सतरंजी टाकून तो एकेकाला बोलावत होता. झोप लागते का, जेवण जातं का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का. मी भरभरून बोललो. दुकान, कुलूप, विहीर, सगळं सांगितलं. बोलायचं शिक्षण आम्हाला गादीवरच मिळतं. केरबानं प्रत्येक प्रश्नाला "बरं हाय" एवढंच उत्तर दिलं. परक्या माणसापुढं घरातलं दुःख उघडं करणं त्यांच्यात चांगलं समजत नाहीत. मग पदर दातात धरून सरजाबाईच बोलली. गेल्या आठवड्यात पाणक्या आजारी पडला होता, तेव्हा दोन दिवस ओढ्यातल्या झऱ्यावरून पाण्याच्या घागरी केरबानं वाहिल्या होत्या, म्हणाली. ते दोन दिवस तो कुठं निघाला नाही आणि रात्री झोपलाही.

डॉक्टरचा चेहरा उजळला. आजारी पाणक्या आता गावी निघून गेला होता, जागा रिकामी होती. त्यानं चंद्रप्पाला सांगितलं, पाणी वाटायचं काम या माणसाला द्या, औषधापेक्षा जास्त गुण येईल.

चंद्रप्पानं मान खाजवली. वाहून आणणं वेगळं आणि वाटणं वेगळं, म्हणाला. याच्या हातचं पेल्यातलं पाणी माणसं पिणार नाहीत. ज्याच्या हातचं सगळ्यांना चालतं असाच पाणक्या लागतो, ही रीत त्यानं घातली नव्हती.

डॉक्टर शहरातला होता, पण खुळा नव्हता. त्यानं विचारलं, एखाद्या मोठ्या घरच्या माणसानं सगळ्यांसमोर आधी प्यायलं तर?

चंद्रप्पा माझ्याकडे बघायला लागला. दीडशे माणसं माझ्याकडे बघायला लागली. "अप्पा पेले तर समदे पेतील," तो म्हणाला. मग तो माझ्याजवळ आला आणि हळूच पुटपुटला, "न्हाई पेलात, तर ती जागा तुमालाच देतो. सावलीचं काम हाय. पण पेलात, तर सासरवाडीला मला सांगावं लागल."

सरजाबाईनं पेला भरून केरबाच्या हातात दिला. तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. त्याच्या नखांत माझ्या चौकडीतली माती होती. पाणी पेल्याच्या काठापर्यंत होतं आणि त्यानं एक थेंब सांडला नव्हता. मला तहान लागली होती, खोटं कशाला बोलू. एक घोट प्यायलो असतो तर त्या माणसाचा जीव थाऱ्यावर आला असता, हे मला तेव्हाच स्वच्छ कळत होतं. पण दुकान गेलं होतं, अब्रू गेली होती; केरबापेक्षा मी वरचा आहे, एवढी एकच गोष्ट माझ्याजवळ उरली होती. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. माझा तर पीळच उरला होता.

"आज सोमवार हाय," मी म्हणालो. "माझा निरंकार उपास. पानीबी चालत न्हाई."

सकाळीच सगळ्यांदेखत मी माझ्या तांब्यातलं पाणी प्यायलो होतो. एकट्या केरबाला ते खरं वाटलं. त्यानं मान डोलावली आणि पेला परत घागरीत ओतला.

दुसऱ्या दिवसापासून मी पाणक्या झालो. लिंबाखाली बसायचं आणि येईल त्याच्या ओंजळीत वरून धार धरायची. महिनाभरात हातांची थरथर गेली, झोप लागायला लागली, पोळीभाजी गोड लागायला लागली. केरबाला नवा जोडीदार मिळाला. केरबा कुदळ टाकून निघाला की तो ओरडायचा, बुडालेल्या कामावरून शिव्या द्यायचा. दोनदा केरबा अहमदपूरच्या पुढे गेला, तिथून माणसांनी धरून आणला. शेवटी सरजाबाईनं बैलाचं दावं आणून त्याचा पाय टेकाडामागच्या बाभळीला बांधला आणि ती एकटी कामावर यायला लागली.

डॉक्टर पुन्हा आला. तेच प्रश्न, माझी उत्तरं वेगळी. त्यानं माझा कागद दोनदा वाचला आणि खुशीत म्हणाला की पाणक्याचं काम लागू पडतं, हे त्याचं म्हणणं खरं ठरलं. केरबाबद्दल विचारलं तेव्हा चंद्रप्पा म्हणाला, गावाकडं गेला. डॉक्टरनं खात्रीसाठी माझ्याकडं पाहिलं. मीही मान हलवली.

जीप गेल्यावर मी घागर आणि पेला घेऊन टेकाडामागं गेलो. का गेलो, ते मला नीट सांगता येणार नाही. लाज वाटत होती, एवढं खरं. केरबाच्या घोट्याला दाव्यानं जखम झाली होती आणि तिच्यावर माशा बसल्या होत्या. मी वरून धार धरली, त्यानं ओंजळीनं पोटभर पाणी पिऊन घेतलं. मग माझ्या हातातला पेला हळूच काढून घेतला, घागरीत बुडवून काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"घ्या अप्पा," तो म्हणाला. "आज तर उपास न्हाई ना?"

आसपास चिटपाखरू नव्हतं. चंद्रप्पा नव्हता, सासरवाडी नव्हती. मी पेला हातात घेतला, तोंडापर्यंत नेला. तो माझ्या गळ्याकडे बघत होता, लहान मूल पाणी पिताना बापानं बघावं तसं.

मी पाणी जमिनीवर ओतलं. नंतर तिथलीच माती घेऊन पेला आतून घासला आणि निघालो, कारण तिकडे लिंबाखाली माणसं रांगेत थांबली होती.