पाठ टेकायची गाडी

दवाखान्याची मिनीबस आमच्या गावापर्यंत यायची बंद झाली, तेव्हा मी मोटारसायकल शोधायला लागलो. बस बंद झाली त्यात कुणाची चूक नव्हती. रक्त धुवायला जाणारे आमच्या किनाऱ्यावर पूर्वी बरेच होते. एकेक करून कमी होत गेले आणि शेवटी माझी बायको स्यूलान एकटीच उरली. एका बाईसाठी बांधाच्या टोकापर्यंत बस कोण पाठवणार?

आठवड्यातून तीनदा तिला शहरात न्यायचं. तिथे ती अर्धा दिवस पलंगावर पडायची, यंत्र तिचं रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत घालायचं. मग तिला घरी आणायचं. जाताना ती माणूस असायची, येताना पिळलेलं फडकं.

घरात एक जुनी स्कूटर होती. तिची सीट पुढे उतरती, त्यामुळे मागे बसणारा सारखा घसरून माझ्या पाठीवर यायचा. स्यूलानचा खुबा एकदा मोडून बसवलेला. डाव्या हातात सुया टोचण्यासाठी शीर जोडलेली, तो हात दाबायचा नाही अशी ताकीद. म्हणजे मला धरायला तिच्याकडे एकच हात. येताना तिला ग्लानी यायची. मग लहान मूल पाठीला बांधतात त्या लांब कापडाने मी तिला माझ्या कमरेला बांधून आणायचो. कालवं फोडत बसलेल्या बायका आम्हाला बघून हसायच्या.

"थ्यामसाय, म्हातारपणी बायकोला पाठुंगळी घेतलंस होय?"

"तरुणपणी घ्यायचं राहून गेलं," स्यूलान मागून म्हणायची. "आता फेडतोय."

एकदा बांधाच्या वळणावर कापड सैल झालं आणि ती एका बाजूला अर्धी लोंबकळली. मी गाडी थांबवेपर्यंत तिचा पाय रस्त्याला घासत आला. ती ओरडली नाही. घरी आल्यावर जखम धुताना म्हणाली, "आता दुसरं काहीतरी बघ. या सीटवर बसायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून माझी हाडं दुखतात. एखाद दिवशी मी जाणारच नाही, बघ."

ताइचुंगला कारखान्यात असलेल्या मुलाला मी फोन केला. तो म्हणाला, "बाबा, एकाहत्तराव्या वर्षी मोटारसायकल? टॅक्सी करा, मी..." आठवड्यातून तीनदा टॅक्सी त्याच्या पगारात बसत नाही हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. म्हणून त्याने वाक्य पुरं केलं नाही, आणि मीही ते करायला लावलं नाही. सरकारी गाडी मिळते, पण तिथे आमच्या आधी नावं लावलेली माणसं पुष्कळ.

मोठ्या रस्त्यावर ओकाऊचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. ओकाऊ म्हणजे काळा कुत्रा. तरुणपणी तेल लावून भांग पाडून पोरींमागे फिरायचा, म्हणून हे नाव पडलं. आता केस गेले, नाव राहिलं. चांद्र पंचांगातल्या सहाव्या महिन्याच्या अखेरीस मी स्यूलानला घेऊन त्याच्याकडे गेलो.

"काका, तुम्हाला काय, एखादी शांत स्कूटर देतो," तो म्हणाला.

"स्कूटर आहे. तिच्यापायीच आलो."

पहिली गाडी त्याने दाखवली ती उंच होती. मी पाय उचलला तो सीटच्या कडेला अडकला आणि मी लंगडी घालत राहिलो. स्यूलान म्हणाली, "खाली उतर, कुत्र्यासारखा दिसतोस." ओकाऊने तिच्याकडे पाहिलं. "तुला नाही म्हणाले," ती म्हणाली.

दुसरी बुटकी, लांबलचक, चकचकीत. बसायला राजासारखी. मी ती दुकानाच्या उतारावर उभी केली आणि पायाने मागे ढकलायचा प्रयत्न केला. हलली नाही. गाडी पुढे जाते का हे सगळेच बघतात. म्हाताऱ्याने ती मागे घेता येते का ते बघावं. दवाखान्याच्या दारात गाड्या दाटीवाटीने लावलेल्या असतात. एकदा तोंड आत गेलं आणि मागे येता आलं नाही तर बायकोला रस्त्यावर उभी करून कुणाला तरी हाका मारायच्या.

तिसरीची सीट उशीसारखी होती. ओकाऊ अंगठ्याने दाबून दाखवत होता. मी त्याचा अंगठा होता तिथे माझी मूठ दाबली, ती थेट खालच्या पत्र्याला लागली. इतकी मऊ सीट थोडा वेळ लाड करते, मग सगळं हाडांवर येतं.

"काका, तुम्ही गाडी घेताय की सून बघताय?"

"सून बघायला इतका वेळ लावला असता तर बरं झालं असतं," स्यूलान म्हणाली.

चौथी मागे ताडपत्रीखाली होती. राखाडी रंगाची, जराशी खरचटलेली. सीट बुटकी, सपाट, लांब, दाबली तर दबणारी पण तळाला न जाणारी. मागे बसणाऱ्याला पाय ठेवायला दोन्ही बाजूंना फळ्या, आणि पाठीमागे टेकायला चांगली रुंद पाठ, दोन्हीकडे हाताच्या दांड्यांसकट. हँडल असं की मनगटावर भार येत नव्हता. उतारावर मी ती पायाने मागे घेतली. कुरकुरत का होईना, आली.

स्यूलानने विचारलं, "हिचा मालक मेला का?"

"नाही हो काकू. मासळीवाला आहे, ठणठणीत आहे. डोळ्यांनी दिसेनासं झालं म्हणून विकली."

"नक्की?"

"फोन लावून देऊ? खोकून दाखवेल."

आम्ही तिला प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढवून मागच्या सीटवर बसवलं. मी पुढे बसलो. मग ओकाऊला म्हणालो, "आता चहा कर आणि आम्हाला विसरून जा." नुसतं बसून, उठून, छान आहे म्हणण्यात अर्थ नाही. शहरापर्यंतचा वेळ बसून बघायला हवं. ओकाऊने चहा केला, आम्ही उभ्या गाडीवर बसूनच घेतला. रस्त्यावरून ट्रक जात होते. त्याने दुसऱ्यांदा चहा हवा का विचारलं तेव्हा मागून काही उत्तर आलं नाही. मी मान वळवली. स्यूलान सीटच्या पाठीला टेकून झोपली होती, तोंड थोडं उघडं. दिवसाउजेडी, कण्हल्याशिवाय झोपलेली मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

ओकाऊ हळूच म्हणाला, "काका, गाडी विकायची आहे. खोली भाड्याने द्यायची नाही."

सौदा ठरला. कागद दोन दिवसांनी होतील, असं तो म्हणाला. तोवर स्यूलान जागी झाली होती.

"दोन दिवसांनी सातवा लागतो," ती म्हणाली.

सातव्या महिन्यात खालचे दरवाजे उघडतात. ज्या मेलेल्यांना जेवू घालायला कुणी नाही ते वर येतात. त्यांना त्यांच्या नावाने हाक मारायची नाही, भले भाऊ म्हणायचं. त्या महिन्यात लग्न करत नाहीत, घर बदलत नाहीत, गाडी घेत नाहीत.

"म्हणूनच तर कमी करून देतो," ओकाऊ म्हणाला. "काकू, भले भाऊ माझ्या दुकानाकडे फिरकत नाहीत. मी त्यांनाही काहीतरी विकेन म्हणून घाबरतात."

ती हसली नाही. तिचा धाकटा भाऊ होता. त्याने सातव्या महिन्यात स्वस्त मिळतं म्हणून होडीचं इंजिन घेतलं होतं. होडी सापडली, इंजिन तिच्यावर नीट होतं. तो सापडला नाही. दर सातव्यात ती दारात त्याच्या नावाचा वाडगा वेगळा ठेवते. ओकाऊला हे माहीत नव्हतं. मला होतं, म्हणून मी फार बोललो नाही. तरी वाटेत मी म्हटलं, "महिनाभर या स्कूटरवर कशी जाशील?"

"जशी जाते तशी. उशी बांध."

"आणि मग?"

"आठवा लागला की पहिल्या दिवशी आणू. म्हाताऱ्या, मला त्या गाडीवर निर्धास्त बसायचंय. दर वळणाला मागे कोण बसलंय म्हणून बघत नाही जायचं मला."

मला स्वतःला हे पटतं की नाही, सांगता येणार नाही. सातव्यात संध्याकाळी खाडीवर कुणी पाठीवर हात ठेवला तर मी वळून बघत नाही, एवढं खरं. मी कळवलं तेव्हा ओकाऊने राखून ठेवल्याची खूण म्हणून गाडीच्या दिव्यावर लाल कागद चिकटवला आणि ती बाजूला काढून ठेवली.

मी स्कूटरला उशी बांधली. ती प्रत्येक खड्ड्यात सरकायची. स्यूलान जात राहिली. आदल्या दिवशी जेवायची नाही, सकाळी बोलायची नाही. मी काही विचारलं तर म्हणायची, "चल, बांध कापड."

सातव्याच्या पंधराव्या दिवशी सगळं गाव भल्या भावांना जेवू घालतं. त्या वर्षी तो नेमका रक्त धुवायचा वार आला. सकाळीच स्यूलानने टेबल दाराबाहेर ओढायला लावलं. कोंबडी, मासा, अननस, तांदळाची दारू, बिस्किटांचे पुडे. पाहुण्यांना तोंड धुवायला तसराळं आणि नवा टॉवेल.

"आज नाही येत मी," ती म्हणाली. "दारात पाहुणे बोलवायचे आणि घरची बाईच नाही, असं चालतं का? परवा जाऊ."

नर्सचा फोन आला. ती म्हणाली, "घरी पाहुणे आहेत." नर्सला कळलं असावं कुठले पाहुणे, कारण तिने पुन्हा फोन केला आणि रागावली. स्यूलान म्हणाली, "हो पोरी, परवा नक्की."

परवा वादळाचा वारा सुटला. बांधावरच्या रस्त्यावर लाटा फुटत होत्या. चारचाकीवाल्या शेजाऱ्याकडे जायला मी निघालो तर तिने माझी बाही धरली. "या वाऱ्यात त्याला कशाला मरायला लावतोस? उद्या."

उद्या पहाटे ती भिंतीला टेकून बसलेली होती. आडवं झालं की बुडाल्यासारखं होतं म्हणाली. तिचा श्वास पाण्यातून येत होता. रुग्णवाहिका आली, तिला नेलं, तिच्या घशात नळी घातली.

सातवा महिना संपला तेव्हा ती नळीवरच होती. डॉक्टर म्हणत होते, निघेल यातून. आठव्याच्या पहिल्या दिवशी मी ओकाऊकडे गेलो. त्याने नखाने लाल कागद खरवडून काढला. "काकू?" त्याने विचारलं.

"येईल घरी."

त्याने पुढची सीट एकदा पुसली, मागची दोनदा.

गाडी घेऊन मी थेट दवाखान्यात गेलो. इतकी आरामाची गाडी मी आयुष्यात चालवली नव्हती. गुडघा ठणकला नाही. हाताला मुंग्या आल्या नाहीत. शहर कधी आलं तेही कळलं नाही. दवाखान्याच्या दारात मी बराच वेळ तिच्यावर बसून राहिलो, कारण उतरलं की वर जावं लागणार होतं.

नळी निघाली, पण बाकीचं शरीर परत आलं नाही. पलंगाचं डोकं थोडं वर केलं की ती एका बाजूला कलंडायची, पोत्यासारखी. आता ती शहरातल्या एका शुश्रूषागृहात आहे. तिथे खालच्या मजल्यावरच यंत्र आहे, तिला पलंगासकट लिफ्टने नेतात. तिला आता रस्त्याचं काम उरलेलं नाही. मी रोज जातो.

बरेच दिवस तिने गाडीचं विचारलं नाही. एकदा दुपारी मी तिच्या जिभेवर बर्फाचा तुकडा ठेवत होतो. पाणी मोजून मिळतं तिला. तो विरघळल्यावर ती म्हणाली, "गाडी तेव्हाच घेतली असती तर मी दवाखान्यात गेले असते."

तिचा आवाज आता बारीक झालाय, कान जवळ न्यावा लागतो. "कधी?"

"टेबल मांडलं त्या दिवशी. पाहुण्यांचं काही नव्हतं रे. टेबल लावून दुपारपर्यंत परत आले असते. बसवत नव्हतं मला त्या सीटवर. म्हणून पाहुण्यांचं नाव पुढे केलं."

मी वाटी खाली ठेवली. खिडकीपाशी जाऊन पडदा सारखा केला आणि परत आलो.

"ती गाडी घेतलीच नाही मी," मी म्हणालो.

"का?"

"खोट निघाली. चासीला तडा होता, रंगाखाली. मागे वजन घेऊन वेगात गेली असती तर दोन तुकडे झाले असते."

"कुणी सांगितलं?"

"ओकाऊनेच. कागद करायच्या आधी त्याने पुन्हा तपासली. लाजला बिचारा."

ती माझ्याकडे बघत राहिली. खोटं बोलताना माझे कान लाल होतात असं ती लग्नापासून म्हणत आली आहे. कानांवर ओढलेली टोपी मी काढली नव्हती.

"मेलं काळं कुत्रं," शेवटी ती म्हणाली. "मासळीवाला ठणठणीत आहे म्हणे."

"हो ना."

"सातव्यात घेतली असती तर दोघंही गेलो असतो."

"गेलो असतो."

"मी म्हणत होते तुला. तू कधी ऐकतोस का माझं?"

"या वेळी ऐकलं ना."

"मी अडून बसले म्हणून." तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "मग येतोस कशावर?"

"जुन्या स्कूटरवरच."

"सावकाश येत जा."

परत जाताना मी ओकाऊच्या दुकानात थांबलो. स्यूलानला भेटायला जाणारं कुणी गावचं माणूस त्याच्याकडे आलं तर काय सांगायचं, ते त्याला नीट समजावलं.

"म्हणजे मी खोट असलेली गाडी विकत होतो," तो म्हणाला.

"हो. पण तूच ती पकडलीस."

तो टक्कल खाजवत राहिला. "बरं काका," म्हणाला, आणि चहा घेता का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं.

तेव्हापासून मी गाडी शुश्रूषागृहाच्या मागच्या बाजूला लावतो, कचऱ्याच्या पिंपांपाशी. तिच्या खोलीची खिडकी पुढे आहे. तिला उठून बघता येत नाही, हे मला माहीत आहे. तरी मागेच लावतो.