सिनिक्काचे आटे

सिनिक्काने आटे पाडायच्या टॅपच्या खाचांमध्ये बोटाने ग्रीस भरलं आणि तो तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर उभा धरला. जरा तिरका गेला की इंजिनाचं हेड भंगारात.

"चुरा आत पडणार," तिचा थोरला भाऊ रेयो पाठीमागून म्हणाला. "हेड उतरवल्याशिवाय कुणी आटे पाडतं का?"

"मी पाडते."

"पुढच्या आठवड्यात माझ्या गॅरेजला आण, मी करून देतो. आजची शर्यत झाली समज."

सिनिक्काने अर्धा वेढा पुढे नेला, थोडा मागे घेतला. गॅरेजलाच तर नेली होती गाडी. मागच्या शनिवारी 'जरा बघतो' म्हणत रेयोने सगळे स्पार्क प्लग लांब दांड्याच्या पान्याने करकचून आवळले, आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे तिथेच मेले. आज सकाळच्या फेरीत तिसरा प्लग उडून बॉनेटला आतून आदळला. तिने हे त्याला ऐकवलं नाही. अंतिम फेरी दुपारीच होती, वाद घालायला वेळ नव्हता.

टॅप बाहेर काढला तेव्हा ग्रीसमध्ये चुऱ्याची चमचम दिसली. तिने तो पुसला, नवं ग्रीस भरलं, पुन्हा घातला. शेजारच्या तंबूतले लोक सॉसेजला मोहरी लावत बघायला जमले. गावातल्या शाळेची स्वयंपाकीण शर्यतीची गाडी चालवते हे त्यांनी केव्हाच पचवलं होतं, पण इंजिन ती करते हे नाही. इंजिन रेयोचं, असं सगळे धरून चालायचे. रेयोनेही कधी नाही म्हटलं नव्हतं.

"रेयो, बहिणीला मदत कर की!" कुणीतरी ओरडलं.

"डोक्याचे आटे ढिले झालेत तिच्या. तिथे टॅप चालत नाही."

हशा पिकला. सिनिक्काचे कान लाल झाले, पण तिने टॅप फिरवणं सोडलं नाही. आटे पडल्यावर तिने त्यांत पोलादी तारेचं वेटोळं फिरवत बसवलं. त्याच्या टोकाची जीभ तोडून चिमट्याने वर काढली. मग बारीक नळी आत सोडून हवा मारली, टॉर्चने बघितलं, परत मारली. शेवटी नवा प्लग बोटांनीच फिरवत नेला. तो लोण्यात शिरावा तसा गेला.

अंतिम फेरीत तिचा चौथा नंबर आला. धूळ खात, एका वळणावर गाडी उलटता उलटता वाचली, पण इंजिनाने एकदाही श्वास चुकवला नाही.

खरी परीक्षा त्यानंतर होती. शर्यत संपली की सगळ्या गाड्या बॉनेट उघडून ओळीत लावायच्या आणि तासभर त्या विकाऊ, ठरलेल्या एकाच किमतीला. शर्यतीचा परवाना असलेला कुणीही हव्या त्या गाडीसाठी चिठ्ठी टाकतो; एकाहून जास्त पडल्या तर सोडत. ज्याच्या गाडीवर चिठ्ठी पडली त्याने विकायला नाही म्हटलं, तर त्याचाच परवाना गेला. म्हणून कुणी गाडीवर वेड्यासारखा खर्च करत नाही, आणि म्हणूनच त्या तासाभरात मालकांचं ऐकलं तर साऱ्या फिनलंडमध्ये मिळणार नाहीत इतक्या आजारी गाड्या त्या मैदानात असतात. कुणाचा गिअरबॉक्स रडतो, कुणाची चासी कुजलेली असते. अर्ध्या तासापूर्वी पहिला आलेलाही गाडीला हात लावून उसासे टाकतो.

सिनिक्काला ही लाल गाडी हवी होती. अख्खा हिवाळा तिने थंडगार गोठ्यात हीटर लावून ती उभी केली होती, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिला हिच्यातच पहिलं यायचं होतं. तिला फक्त गप्प बसायचं होतं. बाकीचं रेयो करत होता.

"लांबच राहा," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. "स्वयंपाकिणीची शिवणकला आहे ती. उद्या परत उडेल." मग तिच्याकडे वळून हळूच म्हणाला, "तोंड मिटून बस. तुझ्याच भल्याचं बोलतोय."

ते खरं होतं. तेच तिला जास्त झोंबलं.

सुओकास नावाचा म्हातारा, ज्याची नजर सगळ्या पट्ट्यात मानली जायची, इंजिनावर वाकला. "हे तू बसवलंस, रेयो?"

"माझं काम असं दिसतं होय?"

पुन्हा हशा. सिनिक्का उठली. तिने पाना घेऊन प्लग काढला आणि टॉर्च सुओकासच्या हातात दिला.

"बघा. माझं आहे. हेड न उतरवता बसवलंय, आणि मूळ आट्यांपेक्षा पक्कं आहे. इंजिनही मीच बांधलंय, पहिल्या बोल्टपासून. याने फक्त प्लग आवळले होते. त्याचं काय झालं ते सकाळी सगळ्यांनी ऐकलं."

हसणं थांबलं. सुओकासने एक डोळा मिटून बराच वेळ आत बघितलं. मग तो पंचांच्या टेबलाकडे चालू लागला. त्याच्यामागे आणखी दोघं गेले.

"गाढव आहेस," रेयो म्हणाला. "हिवाळा घालवलास."

"हो."

एवढंच बोलून ती प्लग परत बसवायला वळली.

तास संपल्यावर पंचबाईंनी कर्ण्यावरून लाल गाडीच्या चिठ्ठ्या वाचल्या. सुओकास. मग त्या दोघांची नावं. मग त्यांनी चष्मा वर केला आणि चौथी चिठ्ठी वाचली. "रेयो हाउतामाकी."

कुणीतरी शीळ घातली. रेयो पायाखालची खडी बघत राहिला.

सोडतीत गाडी सुओकासला गेली. सिनिक्काने त्याच्या हातात किल्ली दिली, हात मिळवला, आणि तो वळेपर्यंत ताठ उभी राहिली.

घरी जाताना रेयोच्या व्हॅनमागे रिकामा ट्रेलर खडखडत होता.

"मला परत द्यायला टाकलीस चिठ्ठी?" तिने विचारलं.

रेयोने समोरच्या रस्त्यावरची नजर काढली नाही. "नाही."

"मग?"

"चांगली आहे गाडी," तो पुटपुटला.

"मोठ्याने म्हण."

"इथे ऐकायला कोण आहे?"

"मी आहे."