म्हातारीचा कोपरा

गवंड्याच्या तोंडात शिवी एकच. कुणी माल सांडला, भिंत वाकडी उचलली, की तो खेकसायचा, "डुक्कर आहेस का रे?" त्याच्या थोरल्या बहिणीला, ताईला, ही शिवी मुळीच खपत नसे. नवरा गेल्यापासून तिचं घर डुकरांवरच तर चाललं होतं.

तिच्यासाठी त्याने हौसेने डुकरांची नवी पक्की शेड बांधून दिली. गुळगुळीत कोबा, झोपायला उंच ओटा आणि ओट्याला लागूनच पाण्याचा नळ. तेवढाच पाइप वाचला म्हणून स्वारी स्वतःवर खूश होती. पण पंधरा दिवसांत शेडचा उकिरडा झाला. डुकरं ओट्याशीच घाण करू लागली, वास शेजाऱ्यांच्या घरात शिरला, तक्रार झाली. आरोग्य खात्याच्या साहेबांनी ताईला बजावलं, "सोमवारी येतो. असंच दिसलं तर डुकरं हलवावी लागतील."

"एवढं छान बांधून दिलं, त्याची ही कदर!" गवंडी तणतणला. "डुकरं ती डुकरंच."

ताईने बादली उपडी घातली. "बस हिच्यावर. आणि तोंड मिटून बघ."

तो नाइलाजाने बसला. कळपातली म्हातारी डुकरीण उठली. तिने ओटा हुंगला, नळाखालची ओल हुंगली, माघारी फिरली. कितीतरी वेळ ती बिचारी कळ सोसत फेऱ्या मारत होती. शेवटी नळापाशी ओल्यात उरकलं आणि ओट्याकडे पाठ फिरवून लांब, उघड्या गार कोब्यावर जाऊन पडली.

"पाहिलंस?" ताई म्हणाली. "तिला शी करायला ओलं लागतं, झोपायला कोरडं. तू दोन्ही एकाच जागी आणून ठेवलंस. तुझ्या अंथरुणाला खेटून कुणी संडास बांधला असता म्हणजे?"

गवंड्याचा चेहरा पडला. चाळीस वर्षं त्याने घरं बांधली होती, आणि दर वेळी आधी घरच्यांना विचारलं होतं, चूल कुठे, झोपायचं कुठे. इथे कुणाला विचारावं, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली.

हातोडा घेऊन त्याने आपलंच काम फोडलं. नळ पार टोकाच्या कोपऱ्यात नेला, तिथल्या भिंतीला वाऱ्यासाठी जाळी ठेवली, ओटा धुऊन त्यावर कोरडा पेंढा पसरला. म्हातारीने त्याच दिवशी तो कोपरा धरला, मग बाकीच्यांनीही. पिल्लंसुद्धा तुरुतुरु तिथवर जाऊन यायची. गवंडी कामधंदा सोडून बघत बसे. एवढी शिस्त त्याच्या मजुरांना उभ्या जन्मात लावता आली नव्हती.

सोमवारी साहेब नाकाला रुमाल लावूनच आले. दोन पावलं आत टाकली आणि रुमाल खिशात गेला. ओट्यावर हात फिरवून त्यांनी स्वतःची बोटं निरखली.

"राहू द्या तुमची डुकरं," ते ताईला म्हणाले. "पण ही आखणी कुणाची? अशी शेड मी कुठे पाहिली नाही."

ताईने भावाकडे पाहिलं. दुसऱ्याने बांधलेल्या भिंतीचं श्रेयसुद्धा न सोडणारा माणूस तो. तो खाकरला आणि पेंढ्यात पाय ताणून घोरणाऱ्या म्हातारीकडे त्याने हात केला.

"यांची. मी नुसता हाताखाली होतो."